पाखाडीवरचे थांबे

"भागी आत्येची शेळी व्यायली," हे दारात पाय ठेवता ठेवता म्हणाले. "दोन पिल्लं. एक काळं, एक पांढऱ्या कानाचं."

मी भाकरी थापत होते. हात परातीतच राहिला.

"काय म्हणालात?"

"शेळी गो. भागी आत्येची." आणि चपला काढून, पाय धुऊन, काहीच घडलं नाही अशा थाटात हे पाटावर येऊन बसले.

आता यात दचकण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. त्याला आमचे हे माहीत असायला हवेत. रघुनाथ तेरवणकर, पिठाची गिरणी. गावात कुणालाही विचारा, "रघादा बोलतात कसे?" तो म्हणेल, "हातानं." गिरणीच्या घरघरीत तोंडानं बोलून उपयोग नसतो. दोन बोटं चिमटीत धरली की बारीक दळण, पंजा पसरला की जाड. उभा जन्म त्या आवाजात गेला, आणि घरी आल्यावरही यांची तीच भाषा. आमटी हवी असली की एक बोट वर. नको असली की पंजा आडवा. लग्न झालं तेव्हा पहिले आठ दिवस मला वाटत होतं की नवरा मुका आहे आणि स्थळ सुचवणाऱ्यानं हे लपवून ठेवलंय. नवव्या दिवशी घासात खडा लागला तेव्हा कळलं, आवाज आहे.

अशा माणसानं आपणहून, न विचारता, शेळीच्या पिल्लाचा कान कुठल्या रंगाचा ते सांगावं?

मी भाकरी उलटली आणि मनात म्हटलं, जाळीनं काम केलं म्हणायचं.

जाळी म्हणजे त्यांच्या हृदयात बसवलेली तारेची बारीक नळी. गणपतीच्या आधी यांच्या छातीत कळ आली, दळणाचा डबा हातातून सुटला आणि गिरणीतच खाली बसले. कोल्हापूरला नेलं. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. मनगटातून तार घालून तिथं जाळी बसवली. घरी सोडताना मुजावर मॅडमनी, म्हणजे तिथल्या डॉक्टरांनी, दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत. यांना साखर आहे, त्यामुळे जाळीच्या आत पुन्हा आवळण्याची शक्यता थोडी जास्त. चढताना छातीत धरलं, डावा हात भरून आला, तर घरी वाट बघत बसू नका. लगेच या."

हे मान डोलावत होते. बाहेर आल्यावर मात्र जिन्यात थांबून, चक्क तोंडानं, म्हणाले, "परत त्या टेबलावर नाय हां मी. मेलो तरी नाय."

"पडद्यावर स्वतःचं काळीज फडफडताना दिसतं," एवढंच कारण त्यांनी सांगितलं.

तेव्हापासून माझा एक कानच वेगळा झाला होता. आमचं घर पाखाडीच्या पार वरच्या टोकाला. पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, आणि घरं. गिरणी खाली रस्त्याला. संध्याकाळी पट्टा बंद झाल्याचा आवाज वर येतो. तो आला की मी जिथं असेन तिथून कान लावून बसायची. आता निघाले, आता अर्ध्यावर आले असतील. आले, धापा नाहीत, कपाळाला घाम नाही, तोंडावर हसू. हुश्श. मग उद्या पुन्हा तेच.

आणि दिवाळी उलटल्यावर ते उशिरा, मग आणखी उशिरा यायला लागले. काळजीनं मी पडवीच्या टोकाशी जाऊन खाली वाकून बघितलं, तर काय? भागी आत्येच्या गडग्याला टेकून उभे, ती सांगतेय आणि हे ऐकतायत. मग फणसाखालच्या चिऱ्याच्या कठड्यावर बसले. तिथं गुरवांचा म्हातारा होता, त्याच्याशी गप्पा. मग वर विहिरीपाशी थांबून पाणी भरणाऱ्या बायकांना, "काय, यंदा झरा कसा हाय?" एक हात रहाटाच्या खांबावर, दुसरा छातीवर. मला ते इतकं गोड वाटलं! नमस्कार करायच्या बेतात असल्यासारखा तो हात. म्हटलं, बोलायची सवय नाही, तर नम्रपणा जरा जास्तच होतोय बिचाऱ्याचा.

रोज नवी बातमी यायला लागली. भागी आत्येचा गुडघा, गुरवाच्या नातवाचं लग्न, कुणाच्या कौलावर माकडं आली. मी भाकऱ्या थापत ऐकायची. एवढ्या वर्षांत मी एकटीच बोलत आलेली, या घरात दोन आवाज मला पहिल्यांदा ऐकू येत होते. पनवेलला लेकीला फोन केला, "तुझे बाबा बोलतात गो." ती म्हणाली, "आई, तुला बरं आहे ना?"

भागी आत्ये एक दिवस मला म्हणाली, "सुने, त्या डाक्टरणीनं काळजात जाळी घातली का जीभ सोडवली?"

"दोन्ही," मी म्हटलं. मला मिरवायला हवंच होतं.

फक्त एका दारात हे थांबत नसत. फणस आणि विहीर यांच्या मधोमध, पाखाडीचा सगळ्यात उभा चढ आहे तिथं, शांताराम भावजींचं घर. यांचे सख्खे चुलत भाऊ. भांडण त्या फणसावरून. फांदी आपल्या कौलांवर आली म्हणून भावजींनी ती तोडली, आणि फणस होता सामाईक. गोष्ट गावकीपुढे गेली. गावकीनं यांची बाजू घेतली, तेव्हा भावजी सगळ्यांसमोर ताडकन उठून म्हणाले होते, "तुमचा न्याय तुमच्याजवळ ठेवा. आणि तुमची पालखीपण माझ्या दारात आणू नका!"

रागात माणूस बोलून जातो. पण गावकीनं ते शब्द जसेच्या तसे पाळले. शिमग्याला देवाची पालखी पाखाडी चढायची, दारोदार थांबायची, आणि शांताराम भावजींच्या दारावरून सरळ पुढे जायची. पुढचा खांदा आमच्या घराण्याचा. म्हणजे दर वर्षी दारावरून पालखी पुढे नेणारे हेच. आणि अर्ध्या उघड्या दारात निर्मला, माझी जाऊ, हातात आरतीचं ताट नाही म्हणून नुसते हात जोडून उभी असायची. तिच्याकडे बघवत नसे. भावजींच्या घरचं दळण त्यांच्या स्वतःच्या गाडीतून शेजारच्या गावच्या गिरणीत जायचं. आम्ही दोघी जावा विहिरीवर बोलायचो, पण पुरुषांच्या कानावर जाणार नाही इतपतच.

शिमगा आला. मी म्हटलं, "यंदा खांदा दुसऱ्या कुणाला द्या."

"का?"

"छाती."

"छाती ठीक हाय." मग माझ्याकडे बघून नवीन सवयीनं दोन वाक्यं जास्त, "आज्यापासूनचा खांदा तो. खालून वरपर्यंत तर न्यायची, वायचशी वाट गो."

दुपारची वेळ. ढोल-ताशे, सनई, गुलाल. रूपं लावलेली पालखी, म्हणजे देवांचे चांदीचे मुखवटे बांधलेली, खालून वर यायला लागली. मी बाकीच्या बायकांबरोबर बाजूबाजूनं चढत होते. भागी आत्येच्या दारात पालखी थांबली, नाचली, तिनं ओटी भरली. तिथून निघाली. फणसाखाली पालखी थांबायचं कारण नव्हतं. तिथं घर नाही, कठडा आहे. पालखी पुढे गेली. चढ लागला. ढोल चढाला साथ देतात तसे जोरात वाजायला लागले.

आणि शांताराम भावजींच्या बरोबर दारासमोर पालखी थांबली.

मागचे दोघे पुढच्यांवर आदळले. कुणीतरी ओरडलं, "अरे, चला की!" ढोलवाल्याचा हात दोन ठोके पुढे जाऊन अडखळला. मग सनई थांबली. पुढचा खांदा हलत नव्हता. हे खाली मान घालून, दांड्याखाली, जमिनीत रोवल्यासारखे उभे.

"जड झाली," मागून एकजण हळूच म्हणाला.

"पालखी जड झाली!" हा मोठ्यानं.

आणि मग तो शब्द सगळ्या पाखाडीवर पसरला. देव हलत नाही. देवाला पुढं जायचं नाही. गुरवाच्या म्हाताऱ्यानं डोक्याला उपरणं गुंडाळलं आणि हात जोडून गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली, "हे देवा म्हाराजा, लेकरांचं काय चुकलं माकलं असंल, भावाभावांत काय अंतर पडलं असंल…"

"होय म्हाराजा!" सगळे.

"ते आज ह्या दारात मिटवून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

शांताराम भावजी दारात उभे होते. एवढा धिप्पाड गाडीवाला माणूस, लहान पोरासारखं तोंड झालं. आणि त्यांना बाजूला सारून निर्मला बाहेर धावली. हातात तांब्या. रीत अशी की आधी देवाला ओवाळायचं, मग खांदेकऱ्यांच्या पायावर पाणी. पण गडबडीत तिचं सगळं उलटसुलट झालं. तिनं देवाकडे बघितलंसुद्धा नाही. तांब्या सरळ यांच्या तोंडाला लावला आणि म्हणाली, "दादा, खांदा द्या दुसऱ्याकडं. या, ओटीवर बसा."

कुणी हसलं नाही. इतक्या वर्षांनी दार उघडलंय, बाईचं चित्त कुठं थाऱ्यावर असणार, असंच सगळ्यांना वाटलं. मलाही.

तेवढ्यात हे पालखीखालून बाहेर आले आणि मला त्यांचं तोंड दिसलं. पिठानं भरलेलं असतं तसं. पण आज गिरणी बंद होती.

आणि तो हात. एक हात भावजींच्या ओटीच्या खांबावर, दुसरा छातीवर. विहिरीपाशी असायचा तसा. अगदी तसाच.

मी तिथंच पायरीवर उभी राहिले आणि माझ्या डोक्यात पाखाडी उलटी उतरायला लागली. विहीर. तिच्या खाली हा चढ. त्याच्या खाली फणस. त्याच्या खाली भागी आत्येचा गडगा. जिथं जिथं चढ संपतो, जिथं जिथं टेकायला काहीतरी आहे, तिथं तिथं माझा नवरा बोलका होत होता. आज पालखी फणसाखाली थांबली नव्हती.

मी गर्दीतून वाट काढत ओटीवर गेले. त्यांच्या कानाशी वाकले. "दुखतंय ना?"

"गप."

"रोज दुखतं?"

"गप गो." दातावर दात ठेवून, पण हळू. "थांबलो की जातं. आता जाईल. तू बोलू नको. बघ तिकडं."

मी बघितलं. शांताराम भावजी पालखीपुढं आडवे पडले होते. निर्मला ओवाळत होती. गुरवाचा म्हातारा रडत होता. आणि गावकीतले ते सगळे ताठ मानेचे पुरुष, ज्यांनी ते शब्द एवढी वर्षं मोजून मापून पाळले, ते एकेक पुढं होऊन भावजींना उठवत होते.

आता मी उठून काय सांगणार होते? की मंडळी, देव नव्हे, आमच्या यांची रक्तवाहिनी?

प्रसादाची खडीसाखर आली. यांनी ती घेतली, आणि त्याबरोबर खिशातली जिभेखालची गोळी तोंडात सरकवली. थोड्या वेळानं तोंडावर रंग आला. पालखी दुसऱ्यांच्या खांद्यावर वर गेली. आम्ही ओटीवरून उठता उठता निर्मला मला म्हणाली, "वैनी, उद्या सकाळी हे गाडी घेऊन कोल्हापूरला चाललेत. मोकळीच जातेय. तुम्हाला तिकडं काय काम असलं तर बसा."

मला त्या क्षणी ती साक्षात देवी वाटली. एवढ्या शिमग्यात भावजींचं कोल्हापूरला काय काम, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

सकाळी निघालो. रात्री यांना मी एकच सांगितलं होतं, "येणार की मी गावकी बोलावू?" त्यावर पंजा आडवा झाला नाही, म्हणजे येणार.

घाट चढेपर्यंत भावजी एकटेच बोलत होते. इतक्या वर्षांचं साठलेलं. "रघादा, मला रात्रभर झोप नाय. देवानं सोताहून पाय रोवावा माझ्या दारात! माझ्या! मी काय बोललो होतो देवाला, आठवतंय ना तुला?"

हे खिडकीतून बाहेर बघत होते. मग घसा खाकरला. "शांत्या, ते खरं म्हणजे—"

मी यांच्या दंडाला असा चिमटा काढला की वाक्य तिथंच मिटलं.

"काय खरं म्हणजे?"

"खरं म्हणजे फणस तुझ्याच कौलावर पडणारा होता," हे म्हणाले.

भावजींनी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मग गाडी पुन्हा सुरू केली.

कोल्हापूरला मुजावर मॅडमनी विचारलं, "कधीपासून होतंय?"

"काल," हे म्हणाले.

"दिवाळीपासून," मी म्हटलं.

मॅडमनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "कालपासून की दिवाळीपासून?"

"डॉक्टर, हे दिवाळीनंतर बोलायला लागले."

"म्हणजे?"

मग मी सगळं सांगितलं. भागी आत्येची शेळी, फणसाखालचा कठडा, विहिरीचा खांब. सांगता सांगता मला हसू यायला लागलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या एका कागदावर चढ काढत होत्या, आणि त्यावर तीन टिंबं. "आधी कुठं थांबायचे? नुसतं विहिरीशी? आणि मग फणसाशीपण? आणि आता खाली गडग्याशीसुद्धा?" यांनी मान हलवली. "म्हणजे दुखणं दर महिन्याला पायऱ्या उतरत खाली येतंय. उद्या ते तुमच्या गिरणीत येऊन बसेल. मग बसल्या जागी दुखेल."

तपासणी झाली. पडद्यावर मॅडमनी मला दाखवलं. बारीक नदीसारखी रेघ आणि मधे, जिथं जाळी होती तिथं, चिमटा घेतल्यासारखी निमुळती.

"गोळ्या चुकवल्या नाहीत हो यांनी," मी म्हटलं. "एकही नाही. मी स्वतः देते."

"माहीत आहे मला. यात तुमचं काही चुकलेलं नाही." त्यांनी माझ्याकडे खुर्ची सरकवली. "जाळी बसवताना आत जखम होते. शरीर ती भरतं. काही जणांचं शरीर जरा जास्तच उत्साहानं भरतं. जाळीच्या आत मांस धरतं आणि वाट अरुंद होते. साखर असली की जास्त."

हे खाटेवरून म्हणाले, "म्हणजे गिरणीच्या सोंडेत पीठ धरलं."

"तसंच समजा. आता आपण आत प्रकाशाची बारीक तार घालून आधी बघू, जाळी नीट उघडलेली आहे ना. मग फुग्यानं ते दाबून मोकळं करू, आणि शेवटी औषध लावलेला फुगा तिथं फुगवून धरू. औषध भिंतीला लागतं, पुन्हा भरणं कमी होतं. जमलं तर नवीन धातू आत घालायचा नाही. नाही जमलं तर आणखी एक जाळी, आणि तेही नाही तर मग बायपासचा विचार. पण मला वाटतं, जमेल."

"टेबलावर?" यांनी विचारलं.

"टेबलावर."

पंजा आडवा झाला.

मॅडम बाहेर गेल्या. मी खाटेच्या कडेवर बसले.

"सांगितलं का नाही मला?"

त्यांनी चादरीची किनार सरळ केली. "पहिल्यांदा विहिरीशी, मग फणसाशी नुसता थांबलो. दम खायला. मग गडग्याशी थांबलो, तर आत्येला वाटलं, मी तिच्याशी बोलायला थांबलो. मग बोललो. घरी येऊन तुला सांगितलं, तर तू…" त्यांनी हातानं काहीतरी केलं. उमलल्यासारखं. दळणाच्या भाषेत तो हात नव्हता. "तुला आवडलं."

"म्हणून दुखणं लपवलंत?"

"लपवलं नाय. शेळीच्या मागं राहिलं."

मी त्यांचा हात घेतला. "हे बघा. तुम्ही थांबता ते मला आवडतं. खरंच आवडतं. पण थांबायचं तर आपल्या मर्जीनं थांबा. छातीच्या मर्जीनं कशाला?"

ते पडद्याकडे बघत राहिले. पडदा बंद होता. मग एक बोट वर केलं. आमटी हवी असल्यासारखं.

मी धावत जाऊन मॅडमना हाक मारली, बोट खाली यायच्या आत.

बाहेर बाकावर मी आणि शांताराम भावजी. गावात काय सांगू, असं त्यांनी विचारलं नाही आणि मी काय झालं ते फोडलं नाही. नुसतं "जाळीचं बघायचंय" एवढंच. ते सारखे उठून चहा आणत होते आणि स्वतःच पीत होते. मी दाराकडे बघत होते. त्या दाराच्या आड माझा दुसरा आवाज आडवा पडला होता, आणि तो परत घरी येणार की मी पुन्हा एकटीच बोलत बसणार, एवढाच प्रश्न होता. बाकी सगळे प्रश्न मला त्या बाकावर फालतू वाटत होते.

दार उघडलं. मॅडमनी तोंडावरचं फडकं खाली केलं.

"तुमचे मिस्टर फार बोलतात हो!"

मी बाकावरून उठले.

"एरवी पेशंट डोळे मिटून घेतात. हे आत सगळ्यांना विचारत होते, तुमचं गाव कुठलं, तुमच्याकडं दळण कसं काढतात. फुगा फुगवला तेव्हा छातीत धरणार, हे मी आधीच सांगितलं होतं. तेव्हा फक्त म्हणाले, 'वायच थांबतो हां, मग पुढं सांगतो.' फुगा काढला, तर शेळीपासून पुढं सुरू." मग त्या माझ्याजवळ आल्या. "जाळी नीट उघडलेली होती. आत भरलेलं तेवढं दाबलंय, औषध लागलंय. वाट मोकळी आहे. नवीन जाळी लागली नाही."

भावजींनी हातातला चहा माझ्या पदरावर सांडला. मला चटका बसलेला कळलासुद्धा नाही.

गावी परतल्यावर काही दिवसांनी विहिरीवर निर्मला भेटली. मी म्हटलं, "तुझ्या ह्यांचं कोल्हापूरचं काम राहूनच गेलं आमच्यापायी. दिवसभर बाकावर बसून राहिले."

ती कळशी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांचं काय काम होतं तिकडं? मीच रात्री सांगितलं, गाडी काढा म्हणून."

"म्हणजे?"

"माझ्या बापाला असंच व्हायचं, वैनी. तोंड असंच पिठासारखं. दादा दारासमोर थांबले तेव्हाच कळलं मला." कळशी उलटी केली, पाणी सोडलं. "म्हणून पाणी आधी त्यांना पाजलं."

मी तिच्याकडे बघत राहिले. तांब्या. ओटी. मोकळी जाणारी गाडी.

"मग बोलली का नाहीस गो तिथं?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?" ती म्हणाली आणि आता तिनं वर बघितलं. डोळ्यांत पाणीही होतं आणि चोरून आंबा खाल्लेल्या पोरीसारखं हसूही. "देव कशानं थांबला, ते देवाला विचारायचं. आपण ताट घेऊन तयार राहायचं."

भावजींना आम्ही दोघींनी अजून सांगितलेलं नाही. त्यांच्या घरचं दळण तेव्हापासून आमच्या गिरणीत येतं, जाड, पंजा पसरून.

मॅडमनी चढायची परवानगी दिली, त्या संध्याकाळी मी मुद्दाम खाली गिरणीत गेले. पट्टा बंद झाला. हे पुढे, मी मागे. भागी आत्ये गडग्याशी आधीच येऊन उभी होती, सांगायला काहीतरी घेऊन. हे "बरी हाय ना?" म्हणाले आणि पुढे गेले. फणस आला. कठड्यावर गुरवाचा म्हातारा सरकून बसला, जागा करून. हे पुढे गेले. पाऊल एकसारखं, धाप नाही. माझा मात्र दम निघाला होता. वजन माझंच वाढलंय, हे कुणी लक्षात घेत नाही.

आनंद झाला हो. किती झाला ते सांगता येणार नाही. पण मागं वळून बघितलं, तर आत्ये अजून गडग्याशी तशीच उभी होती, तोंडातली बातमी तोंडात घेऊन. मी मनात म्हटलं, चला. छाती मोकळी झाली, आता पुन्हा बोटं आणि पंजे. असू दे. जिवंत माणसाचे पंजे बरे.

उभा चढ लागला. शांताराम भावजींचं दार आलं, आणि हे थांबले.

हात ओटीच्या खांबावर. मी दोन दोन पायऱ्या चढत त्यांच्यापाशी पोचले, त्यांच्या खिशातली गोळी चाचपत. "काय झालं? दुखतंय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दुसरा हात छातीवर नव्हता. आत निर्मलानं चहाचं आधण ठेवलेलं ऐकू येत होतं.

"नाय गो," ते म्हणाले. "नुसताच थांबलोय."